पुढे ओढलेली सीट

हसा लेको, खुशाल हसा! पण ही थाप नाही, माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या बाबतीत घडलंय.

डिसेंबरातला शेवटचा शनिवार. संध्याकाळी मेहुणा आला, म्हणाला, "दाजी, चला, एक दणकट कुलूप घेऊ."

तो छोट्या विमानतळावर आगीच्या बंबाचा ड्रायव्हर. एक धावपट्टी, पत्र्याची शेड, दिवसाला दोन विमानं. पण रोज सकाळी बंबातलं डिझेल कमी, आणि ड्रायव्हरची सीट पुढे ओढलेली. साहेबांनी बजावलं होतं, "सोमवारी चोर दाखव, नाहीतर घरी बस." इकडे त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेले.

मेहुण्याचा संशय जोडीदारावर. तो बुटका, सीट पुढे घेतल्याशिवाय त्याचे पाय पोचत नाहीत. मलाही तोच वाटला. फार गोडबोल्या होता मेला!

रात्री मेहुण्याने शेडच्या शटरला आतून कुलूप लावलं, सगळ्या किल्ल्या खिशात घातल्या, बंबाची सीट मागे ढकलली आणि तिच्यावरच ठाण मांडलं. तो चांगला ताडमाड. जोडीदार समोर खाटेवर घोरत होता. 'सोंग करतोय,' मेहुण्याला वाटलं. त्याने नजर हलवली नाही.

काय रे? प्यायला होता? प्यायला असता तर मीच सोबत असतो ना, गाढवा! ऐक.

मध्यरात्र उलटली...

खट्.

सीट हलली. त्याच्यासकट. पुढे.

जोडीदार खाटेवरच होता.

पुन्हा खट्. गुडघे पुढच्या पत्र्याला टेकले. रुतले. त्याने दाराचा खटका ओढला... दार हलेना.

इंजिन सुरू झालं. किल्ली खिशात.

मग...

सकाळी बंब धावपट्टीच्या जुन्या टोकाला सापडला. शेडचं कुलूप आतून तसंच. जोडीदार आत कोंडलेला, शटर बडवत होता. मेहुण्याला चौघांनी ओढून काढलं. गुडघे असे अडकलेले की त्याचा पाय पेडलपर्यंत जाणं शक्यच नव्हतं, हे साहेबांनी डोळ्यांनी पाहिलं. डिझेल कुठे जातं ते कळलं, नोकरी वाचली.

मग जुन्या शिपायाने तोंड उघडलं. पूर्वी त्याच टोकाला एक विमान पेटलं होतं. ड्युटी सोडताना उंच ड्रायव्हरने सीट मागेच ठेवली होती. नंतरच्या पाळीचा ड्रायव्हर बुटका. गंजलेली सीट पुढे ओढता ओढता वेळ गेला... तो पोचला तेव्हा राख उरली होती. बिचाऱ्याने हाय खाल्ली, महिन्याभरात गेला.

तो बंब गेल्या वर्षी भंगारात काढला. नवा कोरा आला. पहिल्या रात्री मेहुण्याने स्वतः सीट मागे केली, किल्ली साहेबांच्या कपाटात ठेवली. सकाळी दार उघडलं...

सीट पुढे.

पेडलवर राख. मेहुण्याने हात लावून पाहिला. कोमट होती.