राहीच्या नावाचं घर

कपाट दारात अडकलं तेव्हा राही आत होती आणि कपाट आणणारा माणूस बाहेर.

त्या दिवशी ती कुणाला न कळवता नगरच्या महिला निवाऱ्यातून तिसगावला आली होती. बाजारतळाच्या मागं शिक्षकांसाठी बांधलेल्या सहा खोल्या कैक वर्षं बंद पडून होत्या. त्या 'ओसरी' नावाच्या संस्थेनं आता दुरुस्तीला घेतल्या होत्या. पत्रे बदलायचे, भिंतींना गिलावा करायचा, वीज-पाणी आणायचं, लोकांनी दिलेलं जुनं सामान नीट करून आत मांडायचं आणि ज्या बाईला राहायला छप्पर नाही तिच्या हातात किल्ली द्यायची, असं त्यांचं काम. चौथी खोली राहीला मिळणार, असं संस्थेच्या मालनताईंनी सांगितलं होतं. पण सांगण्यावर विश्वास ठेवायची सवय राहीला राहिली नव्हती. म्हणून ती एसटीनं स्वतःच बघायला आली. दार उघडं दिसलं, ती आत शिरली. मोरीचा नळ सोडून बघत होती तेवढ्यात मागून अंधार झाला.

“आत कोन हाय का?” कपाटापलीकडून आवाज आला.

“हाय की.”

“मावशी, जरा आतून वढता का? खालचा पाय उंबऱ्याला अडकलाय.”

“मावशी कोन? मी अठ्ठावीसची हाय.”

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

“आवाजात दरारा वाटला,” तो म्हणाला. “चुकलं माझं.”

राहीनं ओढून बघितलं, त्यानं ढकलून बघितलं. कपाट ना पुढं ना मागं. पाय खोलल्याशिवाय ते सुटणार नव्हतं आणि हत्यारांची पेटी टेम्पोत राहून गेली होती. टेम्पो पाथर्डीच्या रस्त्याला लागलेला. त्यानं फोन केला. अर्धा तास तरी लागेल, असं कळलं.

“तवर तुमाला आतच बसावं लागंल,” तो म्हणाला. “मी हितंच हाय. कुटं जात न्हाई.”

हे शेवटचं त्यानं का सांगितलं कुणास ठाऊक. पण ते ऐकल्यावर राहीनं कपाटाला धरलेले हात सोडले. ती खाली बसली.

“कपाट कुनाचं हाय?”

“नगरच्या एका वकीलबाईंचं. खालच्या फळीला वाळवी लागलीती. फळी बदलली, आता पन्नास वर्षं बघायला नको. आरसा बी हाय. तुमच्याच बाजूला हाय बघा.”

मागच्या खिडकीतून थोडा उजेड येत होता. राहीनं वर बघितलं. डोक्यापासून पायापर्यंतची ती, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. दोन वर्षं झाली तिला स्वतःला असं अख्खं बघून. स्टँडवर वजनकाट्याच्या काचेत तेवढं तोंड दिसायचं.

“काय दिसतंय?” त्यानं विचारलं.

“एक मावशी दिसतीय.”

तो मोठ्यानं हसला आणि कितीतरी दिवसांनी राहीही हसली. मात्र आवाज न करता, त्याला कळू नये म्हणून.

पेटी आली, पाय निघाला, कपाट तिरकं होऊन आत सरकलं आणि मग आवाजाचा माणूस दिसला. काटकुळा, कानावर पेन्सिल, भुवयांत लाकडाचा भुसा. नाव वैजनाथ. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि पेटीत नसलेलं काहीतरी शोधायला लागला.

राहीचं माहेर कर्जतकडचं, सासर पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यातलं. नवराबायको दर साली ऊसतोडीला जायचे. तिसऱ्या हंगामात ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली आणि नवरा गेला. सासरी तिला घराच्या मागची खोली दिली होती. दिवसपाणी झाल्यावर महिन्याभरात त्या खोलीत शेळ्या बांधल्या गेल्या. भावाकडं ती चार महिने राहिली. पाचव्या महिन्यात भावजय दर जेवणाला किती भाकरी झाल्या ते मोठ्यानं बोलायला लागली. मग नगरचा स्टँड, सात महिने. तिथं एका रात्री मालनताई गस्तीवरच्या पोलीसबाईला घेऊन आल्या आणि तिला निवाऱ्यात घेऊन गेल्या. हे सगळं राही सांगायची तेव्हा असंच सांगायची, मोजक्या वाक्यांत.

ज्या बाईला खोली मिळणार तिनं कामात हात लावायचा, हा ओसरीचा नियम. भिंतीला रंग कोणता, ओटा किती उंच, फडताळ कुठं, ते तीच ठरवणार. त्यामुळं राही दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिसगावला यायला लागली. पहिल्या शुक्रवारी तिनं भिंतीला चुना लावला, दुसऱ्या मंगळवारी वैजनाथनं तिच्या हातात पॉलिशपेपर दिला.

“रेषा बघून घासायचं. लाकडाच्या कलानं. उलटं घासलं की ते रुसतं.”

“लाकूड रुसतं?”

“मग? मानसापेक्षा लवकर. पन समजूत बी लवकर निघती.”

तिनं खुर्चीचा हात घासला. तासाभरानं त्यानं त्यावरून अंगठा फिरवला आणि दुसरी खुर्ची आणून तिच्यापुढं ठेवली. राहीला कळलं की ही शाबासकी आहे.

संस्थेत सगळे सगळ्यांना ताई-दादा म्हणत. गवंडी राहीला ताई म्हणे, टेम्पोवाला ताई म्हणे, तिच्याहून मोठी शेजारच्या खोलीतली बनुबाईसुद्धा ताई म्हणे. एकटा वैजनाथ म्हणत नसे. “अवो, जरा धरा,” “चहा आलाय बरं का,” असं हवेत बोलल्यासारखं बोले. तीन आठवडे राहीनं ते ऐकून घेतलं. चौथ्या आठवड्यात खाटेची पट्टी धरून बसली असताना तिनं विचारलं,

“सगळे मला ताई म्हनतात. तुमी का न्हाई म्हनत?”

तो खिळा ठोकत होता. हातोडी खिळ्याऐवजी लाकडावर बसली.

“म्हनायचं न्हाई म्हनून,” तो म्हणाला.

“का बरं?”

“एकदा म्हनलं की... मग म्हनावंच लागतं कायम.”

राहीनं पट्टी घट्ट धरली. बाहेर टेम्पोतून कुणीतरी हाका मारत होतं, दोघांनीही ओ दिली नाही.

दसरा होऊन गेला. ऊसतोड्यांच्या गाड्या निघाल्या. एका शुक्रवारी राही खिडकीला निळा रंग देत होती आणि समोरच्या रस्त्यानं एकामागून एक ट्रॅक्टर चालले होते. ट्रॉल्यांत चुलीची पाटी, गोधड्या, कोंबड्या, वर बसलेल्या बाया. तिचा ब्रश जागच्या जागी थांबला. रंगाचे ओघळ चौकटीवरून खाली आले.

वैजनाथनं ते बघितलं. तो उठला, तिच्या हातातला ब्रश घेतला आणि ओघळ पुसून पुढची खिडकी स्वतः रंगवायला लागला. काय झालं, का थांबलात, काहीच विचारलं नाही. शेवटचा ट्रॅक्टर दिसेनासा झाल्यावर त्यानं ब्रश परत तिच्या हातात दिला.

“माझी खिडकी तुमच्यापेक्षा बरी झाली,” तो म्हणाला.

“थोडी वाकडी हाय.”

“खिडकी का मी?”

“दोन्ही,” ती म्हणाली.

नवं दार सगळ्यात शेवटी बसलं. कडी कुठं बसवायची, असं त्यानं विचारलं तेव्हा राही म्हणाली, “आतून. तीन पाहिजेत. वर एक, मधे एक, खाली एक.”

कुणीही हसलं असतं. एवढ्याशा खोलीला तीन कड्या. वैजनाथनं पेन्सिलीनं तीन खुणा केल्या आणि संध्याकाळपर्यंत तीन जाड लोखंडी कड्या बसवल्या.

“आता आत जाऊन लावून घ्या. मी भाईरून ढकलतो.”

राहीनं तिन्ही कड्या लावल्या. त्यानं खांदा लावून ढकललं, मग पाठ लावून ढकललं. दार हललं नाही.

“बास?” त्यानं विचारलं.

राही दाराला टेकून उभी होती. स्टँडवर ती बसूनच झोपायची, पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळून. निवाऱ्यात तीस खाटा होत्या आणि दिवा रात्रभर चालू असायचा. आज दाराच्या या बाजूला फक्त ती होती. तिनं डोळे मिटून घेतले. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. दार उघडलं तेव्हा वैजनाथ पायरीवर बसून शांतपणे करवतीचे दात पुसत होता. दार बडवलं नव्हतं, हाकही मारली नव्हती.

त्या दिवशी परतीच्या एसटीत राहीला स्पष्ट कळलं, की हा माणूस तिला आवडतो. कळलं आणि भीतीही वाटली.

थंडीच्या सुरुवातीला ती राहायला आली. ओसरीनं तिला सामानाच्या कामावरच घेतलं. घासणं, पॉलिश, खुर्च्या विणणं, हे सगळं ती आता करू शकत होती. दिवसभर दोघं एकाच पडवीत काम करायचे. तिसगाव काही मोठं गाव नाही. बोलणं व्हायचं ते झालंच. आणि एका रविवारी वैजनाथच्या वहिनी, सवितावहिनी, साडीचा पदर नीट करत राहीच्या दारात आल्या.

बाई मनानं चांगल्या होत्या. चहा घेतला, खोली बघितली, मग मुद्द्यावर आल्या.

“आमच्या भावजींना पस्तिसावं लागलं. जमीन एकरभर, ती बी खडकाळ, म्हनून पोरीवाले येऊन चहा पिऊन जायचे. तुमी त्यांच्या मनात हाय, त्यांच्या तोंडून निघत न्हाई म्हनून मीच आले. आमचं काय म्हननं न्हाई. घरात मागची खोली रिकामी हाय. तुमी दोघं तिथं ऱ्हा.”

मागची खोली. राहीनं हातातली कपबशी खाली ठेवली.

“वहिनी, तुमचे उपकार हायेत,” ती म्हणाली. “पन मला जमनार न्हाई.”

सोमवारी वैजनाथ कामावर आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. दुपारपर्यंत तो मान खाली घालून रंधा मारत होता. मग राहीच बोलली, कारण तिला ते टोचत होतं.

“तुमी मला आवडता. न्हाई कशाला म्हनू? पन मी आता कुनाच्या घरात राहायला जानार न्हाई. नवऱ्याच्या न्हाई, भावाच्या न्हाई. कुनी उद्या म्हनलं, ऊठ, तर उठायचं कुटं?”

“मी तसं म्हनंन?”

“तुमी न्हाई म्हननार. आमचे हे बी म्हनले नसते. पन ते गेले आन् घर बाकीच्यांचं झालं.”

वैजनाथनं मान हलवली. त्याला ते पटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो खर्डा गावच्या कामावर गेला. पडवीत त्याची जागा रिकामी. राहीनं त्या आठवड्यात सहा खुर्च्या विणल्या आणि त्यातल्या दोन उसवून परत विणाव्या लागल्या.

मालनताई बघत होत्या. त्या म्हणाल्या, “राही, ही खोली तीन वर्षांपुरती, आणि एकट्या बाईसाठी. लग्न केलंस तर सोडावी लागेल, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण न करता बसलीस तरी तीन वर्षांनी सोडायचीच आहे. म्हणजे प्रश्न खोलीचा नाही, बाई. तुला काय पाहिजे त्याचा आहे.”

नवव्या दिवशी वैजनाथ आला. दुपार होती, अवकाळी भुरभुर पाऊस लागला होता आणि राही बाहेर वाळत टाकलेलं बाकडं आत ओढत होती. त्यानं दुसऱ्या टोकानं उचलून ते आत नेलं. मग पडवीत उभा राहून शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

“एक घर बघितलंय,” तो म्हणाला. “वेशीच्या अलीकडं, आदिनाथ पोस्टमनचं. दोन खोल्या आन् पडवी. भाड्यानं देनार हायेत.”

“बरं.”

“करारावर एकटीचं नाव टाकू म्हनतो. तुमचं. पावती बी तुमच्या नावानं.”

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

“मंजे मी काय म्हनतोय...” त्यानं कानावरची पेन्सिल चाचपली. “माझ्या घरी या, असं मी म्हनतच न्हाई. तुमच्या घरी मला राहायला घेता का, असं इचारतोय.”

अशी मागणी राहीनं आजवर ऐकली नव्हती. ती त्याच्याकडं बघत राहिली. केसांतून पाणी ओघळत होतं, कानावरची पेन्सिल भिजून तिचा लाल रंग गालावर आला होता.

“आन् न्हाई पटलं तर?” तिनं विचारलं.

“तर मला म्हना, ऊठ. मी उठंन.”

“भाकरी येती का करायला?”

“थापता येती. गोल होत न्हाई.”

“शिकावी लागंल,” राही म्हणाली आणि पदर पुढं केला. त्यानं तोंड पुसलं.

पुढच्या गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, दोघं आदिनाथ पोस्टमनकडं गेले. लग्न तिथून आठ दिवसांवर होतं, पण राहीनं सांगितलं होतं, आधी कागद. तिनं दोन्ही खोल्या बघितल्या, नळ सोडून बघितला, छताला कुठं ओल आहे का ते बघितलं. मग ओट्यावर बसून करारावर सही केली, एकेक अक्षर सुटं काढून. आदिनाथ चष्मा नाकावर सरकवून कागद वाचत होता.

“भाडेकरू, राही,” तो म्हणाला. “बरं. घरात कोन कोन राहनार?”

“मी राहनार,” राही म्हणाली. “आन् हे माझ्याकडं राहायला येनार हायेत.”

आदिनाथनं चष्म्यावरून वैजनाथकडं बघितलं. वैजनाथ दाराची चौकट बोटानं चाचपत उभा होता, ऐकत नसल्यासारखा.

“पाहुने का?”

“न्हाई,” राही म्हणाली. “कायमचे.”