अकरा वेळा मोजलेला बॅनर

दुसऱ्या टोकाची गाठ मारायच्या आतच वाऱ्याने माझा बॅनर उचलला आणि खालून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर टाकला. कापडाखालून आधी एक स्टीलची टेप बाहेर आली, मग चष्मा, मग तो.

“परवाना... आहे ना?” त्याने इतक्या हळू विचारलं, की तोच माझ्याकडे परवानगी मागतोय असं वाटावं.

परवाना होता. पालिकेचा, तीस दिवसांचा, आठ फूट बाय तीन. माझं शिवणाचं दुकान बोळाच्या आत, जिन्याखाली. बोळाच्या तोंडाशी बॅनर नसता तर तिथे मांजरही फिरकलं नसतं. आत्याने खोली दिली ती बोलीवर. महिन्यात वीस गिऱ्हाइकं जमली तर दुकान चालू, नाहीतर मी परत कारखान्यात, बटणं लावायला.

पालिकेच्या त्या मोजणीदाराने मोजलं. पुन्हा मोजलं. तीन इंच जास्त भरतंय म्हणाला.

“शक्यच नाही. मी शिंपी आहे.”

गळ्यातली आईची टेप मी त्याच्या टेपशेजारी धरली आणि आकडे जुळवू लागले. वीस वर्षांत ती कापडी टेप ताणली गेली होती. चिठ्ठीवर आलेल्या मापांनी आईने शिवलेले कपडे कुणालाच कधी घट्ट का झाले नाहीत, ते मला त्या दिवशी कळलं.

स्वतःच्या बुटांकडे बघत त्याने सांगितलं, की दुरुस्तीला एक दिवस मिळतो. मी तिथेच पायरीवर बसून कड दुमडली आणि टाके घातले. दुसरं टोक त्याने धरलं.

“हेही नियमात आहे?”

“नाही. पण... मनाईही नाही.”

दुसऱ्या दिवशी तो हजर. वाऱ्याने कापड ताणलं जातं म्हणे. मग उन्हाने. मग दवाने. दर वेळी साक्षीदाराच्या सहीसाठी रस्त्यावरच्या तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानाच्या रखवालदाराला हाक मारायचा, आणि तो जांभई देत सही करायचा. एकदा मी विचारलंच, आज काय निमित्त? त्याचे कान लाल झाले. शर्टाच्या बाह्या दोन बोटं आखूड आहेत, हे मला तेव्हा दिसलं. धंद्याची सवय... दुसरं काय.

मग त्याच मोठ्या दुकानाच्या मालकाने तक्रार केली. बॅनर पहिल्या दिवसापासून मोठाच आहे, परवाना रद्द करा. रद्द झाला तर वर्षभर नवा नाही. माझी गिऱ्हाइकं चौदा झाली होती, दिवस उरले होते बारा.

पालिकेत अधिकारी बाईंसमोर सुनावणी झाली. मालक म्हणाला, “कालपर्यंत मोठा होता. तक्रार झाली म्हणून हिने रातोरात शिवून लहान केला.” मी काय दाखवणार? टाक्यांवर तारीख नसते.

बाईंनी तपासणीची वही मागितली. मोजणीदाराने ती नापास झालेला पेपर द्यावा तशी पुढे केली.

बाई वाचू लागल्या. पहिली नोंद, तीन इंच जास्त. दुसरी, बरोबर. तिसरी, बरोबर. चौथी... पानं उलटत गेली. प्रत्येक नोंदीखाली मालकाच्याच रखवालदाराची सही. मालकाने कपाळ पुसलं.

“तक्रारीत दम नाही,” बाई म्हणाल्या. मग चष्मा नाकावर आणून मोजणीदाराकडे पाहिलं. “दुरुस्ती धरून दोन तपासण्या पुरतात. तुम्ही अकरा केल्यात. का?”

वारा, ऊन, दव, काहीही सांगता आलं असतं.

“दोन नियमासाठी, मॅडम,” तो म्हणाला. आवाज हळूच होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “बाकीच्या नऊ... माझ्यासाठी.”

बाईंनी वही मिटली. हसू मात्र मिटलं नाही.

तिसाव्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून बॅनर उतरवला. आत तेविसावं गिऱ्हाईक परकर-पोलक्याचं कापड घेऊन बसलं होतं, आणि आत्या तिला खुर्ची देत होती. घडी घालून झाल्यावर तो म्हणाला, की आता मोजायला काही उरलं नाही.

मी नवीकोरी टेप काढली. “हात वर करा.”

“शर्ट? किती दिवस लागतील?”

“शिवायला एकच. पण आमच्या धंद्यात ट्रायल घेतात. मी अकरा घेणार.”

“अकरा?”

“पहिली शर्टासाठी.”

बाकीच्या दहांचं त्याने विचारलं नाही. हात मात्र खाली घ्यायला विसरला.