शर्टाआडचा पट्टा

नौसोरीची बस सुटली आणि तिच्यामागे एक माणूस धावत सुटला. एका हातात दप्तर, अंगात जास्वंदीच्या फुलांचा बुला शर्ट आणि दुसरा हात कमरेवर घट्ट. त्या हाताने त्याने लुंगीसारखा गुंडाळलेला आपला सुलू धरून ठेवला होता. बस काही थांबली नाही. सुवा शहराचा पाऊस मात्र वेळेवर आला, आणि तो माणूस धापा टाकत आकानिसीच्या दुकानाच्या छपराखाली शिरला.

बाजाराशेजारचं ते चामड्याचं दुकान एवढंसं होतं. रापी आजोबांची, आरी आजोबांची. जीभ मात्र आकानिसीची स्वतःची.

“बस चुकली,” तो म्हणाला.

“दोन्ही हात मोकळे असते तर मिळाली असती.”

त्याने चटकन कमरेवरचा हात काढला... आणि लगेच पुन्हा ठेवला.

“पट्टा का नाही लावत तुम्ही?”

“शर्ट तर बाहेरच असतो. आत पट्टा आहे की नाही, दिसतं कुणाला?”

“पट्टा नाहीच दिसत. पण सुलू सुटला ना, तर तो अख्ख्या सुव्याला दिसेल.”

तो हसला. केसांतलं पाणी भुवयांवरून ओघळत होतं आणि ते पुसायलाही त्याच्याकडे हात मोकळा नव्हता. आकानिसीने मनाशी ठरवलं, हा माणूस पुन्हा दिसला पाहिजे.

दिसला की! त्याच संध्याकाळी, चर्चच्या पत्र्याच्या सभागृहात. तिचे बाबा इलाइतिया हे तिथल्या गायकवृंदाचे प्रमुख. त्यांनीच ओळख करून दिली, “हे सेमेसा मास्तर. लाकेंबा बेटावरून इथल्या शाळेत आलेत. यंदाच्या स्पर्धेचं गाणं हेच बसवणार.”

पहिल्या रांगेतून आकानिसीने मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी तिच्याकडे, आणि दोघांनीही घाईघाईने गाण्याच्या वहीत डोकं घातलं.

मास्तरांचा कान तयार होता. कुणाचा सूर केसभर हलला तरी ते हळूच भुवई उचलत. पण त्यांचा उजवा हात छातीच्या वर जात नसे आणि डावा कमरेवरून हलत नसे. हातच वर जाईना, तर आवाज कसा वर जाणार? चाळीस धडधाकट माणसं कुजबुजल्यासारखी गात होती.

तीन आठवडे गेले. सरावानंतर बसच्या थांब्यापर्यंत दोघं बरोबर चालत. कधी एकाच कागदात गुंडाळलेली बटाट्याची रोटी, कधी एकच छत्री. तो बेटावरच्या गमती सांगायचा, ती त्याची टर उडवायची. आकानिसी प्रेमात पडली होती. पार बुडाली होती, आणि त्याची तिला जराही लाज वाटत नव्हती.

अशात एकदा जेवताना बाबांनी पानातला कसाव्याचा उकडलेला कंद बाजूला सारला. “हा गायकवृंद आहे की आजाऱ्यांची खोली? शुक्रवारी मी शेवटच्या बाकावर बसणार. तिथवर आवाज पोचला नाही, तर स्पर्धेला दुसरा माणूस.”

“आणि मास्तर?”

“जातील बेटावर परत. गाण्यासाठीच तर बदली घेतली होती त्यांनी.”

मास्तर हात का उचलत नाहीत, हे फक्त आकानिसीला माहीत होतं. आता गप्प बसून चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला दुकानात बोलावलं आणि टेप हातात घेतला. “शर्ट जरा उचला.”

“अगं... इथे? भर बाजारात?”

“माप घ्यायचंय, मास्तर. मुका नाही.”

तो कानापर्यंत लाल झाला. “पट्टा नको मला. लावून पाहिला होता. हा शर्ट पातळ, त्याच्यातून बक्कल टेंगळासारखं वर येतं. शिक्षकांच्या खोलीत विचारायला लागले, मास्तर, हर्निया झाला का?”

“मग आधी सुलू कसा बसायचा?”

“डेंग्यूत वाळलो. तेव्हापासून हा असा...” तो थबकला. “तिथे उभा राहिलो की वाटतं, हात वर केला आणि सुटला तर? समोर पहिल्याच रांगेत... तू असतेस.”

आकानिसीने टेप त्याच्या कमरेभोवती नेला. दोघांच्या मध्ये वीतभर जागा होती. तेवढीच, पण दोघांनाही ती फार जाणवत होती.

“तुझा हात थरथरतोय,” तो म्हणाला.

“माझा नाही. तुमचं पोट थरथरतंय. श्वास सोडा, नाहीतर पट्टा तोकडा होईल.”

तिने पातळ चामडं काढलं, रापीने कापलं, कडा घासून गुळगुळीत केल्या. बक्कल लावलंच नाही. त्याऐवजी डाव्या कुशीवर दोन चपटी पितळी बटणं. वरून शर्ट सोडला की काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

शुक्रवार आला. बाबा शेवटच्या बाकावर मांडीवर गाण्याची वही उघडून बसले. सेमेसाने पट्टा लावला होता, पण सवय कशी सुटावी? डावा हात पुन्हा कमरेवर. पहिलं कडवं कुजबुजतच संपलं. बाबांनी वही मिटली.

आकानिसीने गाणं थांबवलं आणि मोठ्याने म्हणाली, “मास्तर, दोन्ही हात वर!”

शेजारच्या बाईने तिला कोपराने ढोसलं. सेमेसा तिच्याकडे बघत राहिला. तिने मान हलवली, एकदाच. मी माझ्या हाताने शिवलाय, भरवसा ठेवा.

त्याने डावा हात कमरेवरून सोडला. मग दोन्ही हात वर गेले, खांद्यांच्या वर, डोक्याच्याही वर. शर्ट वर सरकला, पट्ट्याची तपकिरी कड पहिल्या रांगेला दिसली, आणि सुलू जागचा हलला नाही. मागच्या पुरुषांनी असा खर्ज लावला की पायाखालच्या फळ्या गुणगुणल्या. बायकांनी त्यावर सूर चढवला. पत्र्यावरचा पाऊस कुठल्या कुठे बुडाला. शेवटच्या बाकावर बाबा केव्हा उभे राहिले ते कुणालाच कळलं नाही. गाणं संपल्यावर ते एवढंच म्हणाले, “स्पर्धेतही असंच.”

लोक पांगले. व्हरांड्यात दोघंच उरली. आज आकानिसी मागे हटणार नव्हती.

“मला तुम्ही आवडता. लग्न करण्याइतके आवडता. आता बोला.”

सेमेसाने कपाळाला हात लावला. “घोटाळा केलास.”

“म्हणजे?” तिचा आवाज एकदम उतरला.

“मंगळवारच्या बोटीने माझे काका येतायत. ताम्बुआ घेऊन, तुझ्या बाबांपुढे ठेवायला. व्हेलचा तो दात पुढे ठेवला की मागणी घातली... तोवर मी तुला काही बोलायचं नव्हतं.”

“कधी कळवलंत काकांना?”

“माप घेतलंस त्याच दिवशी.”

“आणि आज बाबांनी तुम्हाला काढून टाकलं असतं तर?”

“तर काकांबरोबर मीही दारात बसलो असतो. हो म्हणेपर्यंत उठलो नसतो.”

ती हसली, आणि डोळेही भरून आले. तिने त्याचा हात हातात घेतला. तेवढ्यात बाबा सभागृहाला कुलूप लावून बाहेर आले. त्यांची नजर त्या दोन हातांवर गेली. सेमेसा हात सोडवू लागला, तिने सोडला नाही.

“बाबा, मंगळवारी घरीच थांबा.”

“का गं?”

“लाकेंबाहून पाहुणे येतायत. तुम्ही त्यांना हो म्हणणार आहात.”