काट्यावरून गेलेला कोटवाला

साल एकोणीसशे एकोणऐंशी. वेळ रात्रीची नाही, चांगली भर दुपारची.

भुतंखेतं अंधारातच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे आधी वाचावं आणि मग बोलावं. घडलं ते माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत. यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

ताईचा धाकटा दीर चित्रकथा काढायचा. दर महिन्याला एक अंक. नायकाचं नाव 'कोटवाला'. त्या काळचे बाकीचे नायक हवेत उडायचे, डोंगर उचलायचे. हा नुसता मार खायचा आणि मार द्यायचा. कायद्याला जुमानायचा नाही. गरिबाला नाडणाऱ्याला गल्लीत गाठून त्याची हाडं मोडायचा, आणि कधीमधी भलत्याचीच मोडून बसायचा. त्याचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. दिसायची ती फक्त सावली. लांब कोट, वाकडी टोपी, आणि डावा खांदा उतरलेला.

तो खांदा आमच्या दाजींचा होता.

दाजी गोदामात ट्रकच्या वजनकाट्यावर कामाला होते. आधी बरीच वर्षं पोती वाहिली, त्यात खांदा उतरला. सुट्टीच्या दिवशी ते छापखान्यामागच्या खोलीत भावासाठी उभे राहायचे. खिडक्यांना काळा कागद. मधोमध टांगलेली पांढरी चादर. चादरीमागे मोठा दिवा, आणि दिवा नि चादर यांच्यामध्ये कोट घातलेले दाजी. दीर पुढे बसून हुकूम सोडायचा. "हात वर. गुडघा वाकव. थांब." आणि सावली जशीच्या तशी कागदावर उतरवायचा.

बाहेरच्या खोलीत ताई टाकाने त्या चित्रांतले संवाद लिहायची. अक्षर मोत्यासारखं. घरचाच कारभार होता सगळा.

एका रविवारी जेवताना दाजी म्हणाले, "मुकादम वजनात मारतोय. उद्या मालकाला सांगणार आहे मी."

"तुम्ही काही कोटवाले नाही," ताई म्हणाली. "कोट भाऊजींचा आहे."

"खांदा तर माझा आहे ना?" असं म्हणून ते हसले.

सोमवारी दाजी घरी आले नाहीत.

ताई गोदामात गेली. मुकादम दात कोरत म्हणाला, "पाळी संपली, गेला. नवरा सांभाळता येत नाही का बाई?"

चौकीत गेली. हवालदाराने 'कोटवाला' वाचलेला होता; ती सावली दाजींची, हे ताईच्या बोलण्यात आलं. तो म्हणाला, "अहो, कोटवालाच हरवला तर त्याला शोधायला पाठवायचं कुणाला?" बाकीचे हसले. ताई बाकावर बसून राहिली. संध्याकाळी तिला उठवून बाहेर काढलं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. दवाखाने झाले. स्टेशन झालं. नदीकाठ झाला. घरात तान्ही मुलगी, तिला आमच्या आईजवळ ठेवलेलं.

शुक्रवारी दुपारी ती दिराला गाठायला छापखान्यात गेली. तिच्या टेबलावर नवी पानं पडली होती. शाई अजून ओली होती.

तिने एक पान उचललं... मग दुसरं.

कोटवाला भिंतीला टेकून उभा होता. कोटवाला जिना चढत होता. प्रत्येक चित्रात डावा खांदा उतरलेला. मनाने काढलेला नव्हे. तिला तो खांदा पाठ होता.

तेवढ्यात आतल्या खोलीतून दिराचा आवाज आला.

"मान खाली... अजून... थांब."

मग कागदावर टाकाची खरखर.

ताईच्या मनात एकच आलं. ते इथे आहेत. मुकादमाच्या भीतीने लपलेत, आणि भावाने माझ्यापासूनसुद्धा लपवलंय. आनंद झाला आणि संतापही आला. तिने दार ढकललं.

चादरीवर सावली होती. कोट, टोपी, उतरलेला खांदा.

"अहो," ती म्हणाली. "काय मांडलंय हे? मी मेले होते का सांगायला?"

सावली हलली नाही.

ताई चादर ओढायला धावली. दिराने तिचा हात धरला. त्याची बोटं बर्फासारखी होती.

"वहिनी, नको. खाली बघा."

चादर जमिनीपासून वीतभर वर असायची. उभं राहणाऱ्याची पावलं खालून दिसायची.

ताईने खाली पाहिलं.

दिव्याचा उजेड फरशीवर पसरला होता... आणि पावलं नव्हती.

कोट कोपऱ्यात खुंटीवर लटकत होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मंगळवारपासून. मी दिवा नुसता लावून बघितला होता."

"आणि तुम्ही चित्रं काढत बसलात?"

"अंक अडला होता, वहिनी. वेळेवर गेला नसता तर मालिका दुसऱ्याला देणार होते." तो रडायला लागला. "मला वाटलं, कुणाला सांगितलं तर दादा इथूनही निघून जाईल. मी म्हटलं, सांगितलेलं ऐकतोय, म्हणजे दादा कुठेतरी आहे."

ताईने त्याला बाजूला सारलं. चादरीसमोर उभी राहिली.

"कुठे आहात तुम्ही?"

काही नाही.

"कुणी काय केलं? मान तरी हलवा."

काही नाही. सावली नुसती थांबलेली. पुढच्या हुकुमाची वाट बघत असल्यासारखी.

तेव्हा ताईच्या लक्षात आलं. या खोलीत दाजी कधी बोलायचे नाहीत. इथे त्यांनी फक्त सांगितलेली पोझ घेतलेली.

तिने डोळे पुसले आणि दिरासारख्या कोरड्या आवाजात म्हणाली,

"आत्ता जसे आहात, तसे राहा."

सावली हलली.

हळूहळू गुडघे वाकले. ती खाली बसली... मग कुशीवर कलली. गुडघे छातीशी आले. मान अवघडून खांद्यात गेली, वर जागाच नसावी तशी. एक हात वर उठला आणि तळवा कशावर तरी सपाट टेकला. काहीतरी उचलू पाहणारा तळवा.

दिराचा हात सवयीने कागदावर चालत होता.

मग तो तळवा सुटला. हात खाली आला.

चादर पांढरी झाली. दिवा तसाच जळत होता.

ताईने कागद हिसकावला. छातीशी गुडघे. डोक्यावर काहीतरी सपाट, जड. खाली माणूस जेमतेम मावेल एवढी जागा...

"काटा," ती म्हणाली. "ट्रक चढतात त्या पत्र्याखालचा खड्डा."

दोघं धावत गेले. दाजींबरोबर पोती वाहिलेले दोन हमाल पहारी घेऊन आले. मुकादम आडवा आला, त्याला त्यांनी ढकलून दिलं. काट्यावर भरलेला ट्रक उभा होता. तो हलवला. लोखंडी पत्रा उचलला.

दाजी तिथे होते. कागदावर होते तसेच. डोक्याला जखम, अंगाखाली वीतभर गढूळ पाणी. सोमवारपासून त्यांच्यावरून ट्रक जात होते. त्या खडखडाटात कुणाला काय ऐकू येणार?

ताईने त्यांच्या गालाला हात लावला.

गाल कोमट होता.

डॉक्टर म्हणाले, "पाण्यावर तग धरला असेल. जीव गेला तो आज. दुपारीच कधीतरी."

म्हणजे मंगळवारी ते जिवंत होते. बुधवारी होते. गुरुवारी होते. मेलेल्याचं भूत होतं म्हणावं, तर माणूस मेलेलाच नव्हता. मग चादरीवर रोज कोण उभं राहत होतं, ते मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

मुकादमावर खटला झाला. साक्षीला कुणी उभं राहिलं नाही, तो सुटला आणि म्हातारा होऊन अंथरुणात मेला. तो अंक निघाला आणि हातोहात खपला. त्याच्या पुढचा अंक निघालाच नाही. दिराने परत माणूस काढला नाही. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, नुसती अक्षरं. ताईसमोर शेवटपर्यंत मान वर करून बोलला नाही. पंधरा वर्षांनी गेला. भाची शिकली, शिक्षिका झाली.

ताईने मात्र दिराला कधी बोल लावला नाही. लोकांना वाटतं, तिचं मन मोठं. मला ठाऊक आहे, तिला ते सुचतच नाही. तिच्या डोक्यात दुसरंच आहे.

आता तिला ऐंशी उलटली. भाजी निवडता निवडता थांबते आणि विचारते.

"चार दिवस ते उभे होते गं. भाऊजी उभं राहा म्हणायचे, हे उभे राहायचे. मग मी येऊन म्हटलं, आहात तसे राहा."

"ताई, पुरे."

"मी तसं म्हटलं नसतं, तर संध्याकाळपर्यंत उभे राहिले असते का?"