पडद्यात न मावलेली उंची

नवीन यंत्राला हळदकुंकू वाहिल्याशिवाय ते सुरू करायचं नाही, हा आमच्या ऑफिसचा रिवाज. टेलेक्सला मीच वाहिलं, फॅक्सलाही मीच. म्हणून त्या सकाळी जप आटोपून मी ताम्हन घेऊन बैठकीच्या खोलीत गेले. मोठा टीव्ही, त्यावर काळा डबा, डब्याला गोल काच. आता यंत्राचं कपाळ कुठलं, हे मला कोण सांगणार? मी सरळ काचेवरच टिळा रेखला.

"अहो बाई! डोळ्यात बोट घातलंत की माझ्या!"

ताम्हन हातातून सुटता सुटता राहिलं. यंत्र कुणीतरी आधीच सुरू करून ठेवलं होतं; टीव्हीच्या पडद्यावर एक तरुण मनमोकळं हसत होता. ओठ आधी हलत होते, शब्द जरा मागून येत होते.

"तुम्ही… कुठून बोलताय?"

"धुळ्याहून. मी हेमराज. आपल्या खोक्यांच्या कारखान्यात यंत्रं बघतो. सध्या मात्र काहीच बघत नाहीये, सगळं लालेलाल आहे!"

"थांबा, पुसते—"

"राहू द्या हो थोडा वेळ. जळगावनं टिळा लावून स्वागत केलं, असं सांगत फिरतो."

मी पदराच्या टोकानं काच पुसली. आणि… पडद्यावरच्या दोन डोळ्यांना मी हळूहळू दिसू लागले.

ते साल अठ्ठ्याण्णव. मोतीलालशेठ रावेरची केळी दुबईला पाठवायचे. व्यापाऱ्याला माल दाखवायचा तर दर वेळी कोणीतरी मुंबई गाठून विमानात बसायचं. त्यावर शेठनी हा उपाय काढला. टेलिफोन खात्याची खास लाईन घेतली आणि व्हिडिओ कॉन्फरन्सचं यंत्र बसवलं. दुबईशी बोलण्याआधी हात बसावा म्हणून रोज सकाळी धुळ्याच्या कारखान्याशी जोडून बघायचं. मालाची तपासणी माझ्याकडे, म्हणून हे कामही माझ्याकडे आलं.

हेमराजनं मला सगळं शिकवलं.

"बोलायचं असेल तर हात वर करा, वैजयंतीबाई. समोरच्यानं थांबायचं. आवाज उशिरा पोचतो ना, दोघं एकदम बोललो तर काहीच कळत नाही."

मी हात वर केला. "आमच्या आत्यालाही शिकवाल का हे?"

तो हसला, हसू जरा उशिरा पोचलं. मग त्याचा हात वर. "आणि रेघांचं पातळ नको. पडद्यावर मुंग्या धावतात. ते परवाचं जांभळं… म्हणजे, यंत्रासाठी सांगतोय हं."

"यंत्राला सांगा, जांभळं धुवायला टाकलंय."

जप झाल्याशिवाय मी चहा घेत नाही, हे त्याला कळल्यापासून तो कप तसाच समोर ठेवून बसायचा.

"झाला जप?"

"झाला."

"मग घ्या."

धुळ्यात तो, जळगावात मी, एकाच वेळी कप उचलायचो.

पण पडद्यावर मी कमरेपासून वरच दिसत होते… खुर्चीत बसलेली.

मी फार उंच आहे. बघायला आलेली मंडळी मी चहा घेऊन दारात उभी राहिले की एकमेकांकडे बघायची. "मुलगी छान आहे, पण…" त्या 'पण'पुढे कधीच काही यायचं नाही. हेमराजनं मला उभी पाहिलीच नव्हती. ज्या दिवशी पाहील, त्या दिवशी हा चहाही संपेल, असं मनात यायचं आणि कप हातातच निवून जायचा.

दुबईच्या बोलण्याचा दिवस आला. तिकडचे शेठ हिंदीत म्हणाले, "पूरा घड दिखाइए. लटका हुआ."

कॅमेरा मागे घ्यावा लागला. घड आकड्याला टांगला आणि मी शेजारी उभी राहिले. हललं की चित्राचे चौकोन व्हायचे. मग जपाला बसते तशी स्थिर झाले. घड हळूच फिरवायचा, थांबायचं, हात वर करायचा, बोलायचं. वरची फणी, मधली, खालची, सगळ्या सारख्याच भरलेल्या. मग एका केळ्यावर बोट ठेवलं.

"इस पर दाग है, सेठजी. यह आपके बक्से में नहीं आएगा."

पलीकडून शब्द यायला नेहमीचाच उशीर झाला. मला तो फार मोठा वाटला.

"जो बाई दाग खुद दिखाती है, उसका माल मैं आँख मूँदकर लूँगा!"

सबंध मोसमाचा माल ठरला. मोतीलालशेठ खुर्चीतून उठून उभे राहिले. रावेरचं केळं आणि मी, दोघांना पूर्ण उंचीत बघूनच हा सौदा झाला होता… त्या घटकेला मला माझ्या उंचीचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

त्याच आठवड्यात एका सकाळी हेमराजचा हात वर गेला.

"आई-आबांना घेऊन… तुमच्या घरी येऊ?"

मी हात वर केला. "येण्याआधी एक ऐका. मी… मी फार उंच आहे हो."

पडद्यावर त्याचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडानिशी थिजला. लाईन गेली होती. त्यानं ऐकलं की नाही, देव जाणे. संध्याकाळी निरोप आला तो एवढाच, की धुळ्याची मंडळी रविवारी येतायत.

रविवारी आमची भिकुआत्या कानाशी लागली, "जराशी वाकीसन ऱ्हाय माय, नई तं पोऱ्या देखीसनच पयी जाई!"

"पळाला तर पळू दे. देवापुढे ताठ उभी राहते ना, आत्या? मग इथंही तशीच राहीन."

जांभळं पातळ नेसून मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहिले. हेमराज उठला. तो माझ्या कानापर्यंत येत होता.

तो मी बोलायची वाट बघतोय, मी तो बोलायची. सवयच ती. माझे वडील खाकरले, आत्यानं कपाळाला हात लावला.

आणि हेमराजनं हात वर केला.

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. मला मात्र हसू फुटलं. "बोला."

"दुबईच्या बोलण्याची कॅसेट शेठनी कारखान्यात बघायला पाठवली होती. सगळ्यांनी घड बघितला. मी…" तो लाजला. "शेठ परत मागतायत, अजून दिली नाही."

"म्हणजे तुम्हाला आधीच—?"

"बघूनच विचारलं होतं. कॅमेरा मागं सरकवावा लागला तिच्यासाठी, असं सगळ्या गल्लीला सांगून आलोय."

त्याची आई कौतुकानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत होती. "बरं झायं व माय! बठ्ठा डबा माळ्यावर शेतस. ते काढाले आते स्टूल नको."

सगळे हसले. मग मी हात वर केला.

"माझं एक ऐका. सकाळचा जप आणि सकाळचं यंत्र, दोन्ही सुटणार नाहीत. धुळ्याच्या खुर्चीत बसेन, पण बसेन."

"मंजूर," हेमराज म्हणाला.

या वेळी ओठ आणि शब्द एकदमच आले.