सात हजार सहाशे वेढे

“वहिनी, मशीन थांबवा.”

“नाही थांबवत.”

“अहो, केलेलं काम उलटं फिरवताय तुम्ही!”

“माझंच काम आहे. सुलट मी फिरवलं, उलटंही मीच फिरवणार.”

शुक्रवारची सकाळ, साडेनऊ. मी वाइंडिंगच्या मशीनवर, माझा धाकटा दीर दारात, आणि मशीनमधून तांब्याची तार भुईवर ओतली जात होती. भांडण आदल्या रात्रीचं, सकाळी नुसतं पुढे चालू. गोष्ट दिवसाउजेडी सुरू झाली म्हणून सैलावू नका, पोरांनो. रात्र मध्ये आहे. आणि तो दिवा राहू दे. मालवायची एवढी हौस असेल तर गोष्ट संपल्यावर मालव.

हा दीर गिटारी दुरुस्त करायचा. कोणती तार किती उतरलीय ते रस्त्यावरून जाताना सांगायचा, म्हणून सगळे त्याला ‘कान’ म्हणत. दुसऱ्याचं ऐकून घ्यायला मात्र तो कान कधी कामाला आला नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीत मी पंख्यांच्या मोटारी गुंडाळायची. मला कोणी शिकवलं नाही. एक जळकी मोटार उलगडली, वेढे मोजले, तेवढेच परत घातले. झालं माझं कॉलेज. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो, तोही त्याच जातीचा. मध्ये चुंबक, भोवती केसाहून बारीक तार. वरची तार थरथरली की ह्याला कळतं आणि हा ॲम्प्लिफायरला कळवतो. कानाचे पिकअप मीच गुंडाळायची.

दुकानात सासऱ्यांचा एक नियम होता. गिऱ्हाईक परत आलं नाही तरी त्याचं वाद्य अख्खं ठेवायचं. त्याचा एक स्क्रूसुद्धा दुसऱ्याला लावायचा नाही, मालक किंवा त्याच्या घरचं कोणी ‘हो’ म्हणेपर्यंत. मागच्या भिंतीवर अशा पाच गिटारी लटकत होत्या, प्रत्येकीच्या गळ्यात मालकाची चिठ्ठी.

कानाने त्या पाचांतून एक केली. एकीचं धड, दुसरीची मान, तिसरीच्या तारा पिळायच्या खुंट्या, चौथीचा ब्रिज, पाचवीचा पिकअप. “तीस वर्षं दुसऱ्यांची नावं पुसून चकचकीत केली, वहिनी,” म्हणाला. “आता एक गिटार माझ्या नावाची.” मानेच्या टोकावर स्वतःचं नाव त्याने कोरलंही होतं. शनिवारी संध्याकाळी एक मोठा वादक हॉलवर ती वाजवून बघणार होता. त्याला आवडली की कान दुरुस्तीवाला राहणार नव्हता, कारागीर होणार होता.

“पाचही जणांना विचारलंस?” मी त्याला तोंडावर विचारलं होतं.

“विचारलं. सगळ्यांनी हो म्हटलं.”

मी विश्वास ठेवला. पिकअप तार तुटून मुका झालेला होता. मंगळवारी मी जुनी तार उतरवून तो नागडा केला, चुंबक फुंकून पुसलं आणि नवी तार गुंडाळली. मशीनच्या वेढे मोजणाऱ्या काउंटरवर सात हजार सहाशे. त्यानंतर पिकअप गरम मेणात बुडवायचा असतो, म्हणजे वेढे हलत नाहीत. पण कानाला घाई. म्हणाला, मेण शनिवारनंतर. मी ऐकलं. तेवढी चूक माझी.

गुरुवारी रात्री अकरा चाळीसला गिटार जोडून झाली. दुकानात आम्ही दोघंच, शटर अर्धं खाली. कानाने केबल लावली, ॲम्प्लिफायर सुरू केला, तारांवर ओणवा होऊन म्हणाला, “हॅलो.”

ॲम्प्लिफायर म्हणाला, “हॅलो.”

मी हसले. “मेण नसलं की पिकअप बोलणंही ऐकतो. शनिवारी स्टेजवर बायकोबद्दल काही बोलू नकोस.”

“ती तशीही पहिल्या रांगेत बसणार आहे,” तो म्हणाला. हसलो. मग गप्प झालो.

ॲम्प्लिफायर गप्प झाला नाही.

श्वास होता. संथ. तारांना ओठ लावून कोणी सोडावा तसा. मी कानाकडे पाहिलं. त्याने श्वास रोखून धरला होता. मीही.

श्वास चालूच.

मग स्पीकरमधून आवाज आला. माणसाचा. रागाचा.

“विचारलंस?”

कानाने केबल उपटली. केबल त्याच्या हातात. श्वास स्पीकरमध्ये.

“कोणाचा पिकअप आहे हा?” मी म्हणाले.

“रेडिओ घुसलाय, वहिनी. होतं असं.”

“मी विचारतेय, कोणाचा?”

तेवढ्यात खुंटी फिरली. सगळ्यात बारीक तारेची. आपोआप... एक आटा. आणखी एक. तार चढू लागली. कानाने डाव्या हाताने मान पकडली. “माझी आहे,” दात आवळून म्हणाला. मला नव्हे. तार त्याच्या बोटात रुतली. तो सोडेना. खुंटी थांबेना.

मी मेन स्विच पाडला.

काळोख. वीज नाही. काही नाही.

“मला... विचारलंस?”

 

तट्.

तार तुटली. बॅटरी पेटवली तेव्हा श्वास थांबला होता आणि कानाचं बोट चिरून रक्त येत होतं. माझा रुमाल पांढरा, हिरव्या काठाचा, काठ मीच हाताने शिवलेला. त्याची काठाकडची बोटभर पट्टी फाडली, त्याच्या बोटाला करकचून बांधली. दुकानाला कुलूप घातलं. किल्ली रात्रभर माझ्या उशाखाली.

सकाळी कान चहाला बसला तेव्हा बोट उघडं. जखम होती, पट्टी नव्हती.

“पट्टी कुठे?”

“झोपेत पडली असेल. आणि ऐका, रेडिओ घुसला, खुंटी सैल होती, बाकी सगळं तुमच्या डोक्यातलं. उद्या मी गिटार नेणार.”

मी दुकान उघडलं, मेन स्विच चढवला आणि पाचव्या गिटारीची, म्हणजे पिकअपच्या मालकाची चिठ्ठी वाचली. नावाखाली लिहिलेलं: ‘मी येईन तेव्हाच उघडा.’ नंबर होता, लावला. एका बाईने उचलला. त्या मालकाची आई होती.

“तो जाऊन दीड वर्ष झालं,” म्हणाली. “त्याचं वाद्य तुमच्याकडे आहे? सगळीकडे शोधलं हो आम्ही...”

मी फोन ठेवला. पिकअप काढला, मशीनवर चढवला, टोक शोधलं आणि मशीन उलटं फिरवलं. माझ्या हाताचा एकही वेढा त्यावर राहू द्यायचा नव्हता मला.

तेव्हा कान दारात आला. पुढचं भांडण तुम्ही ऐकलंत. आता उरलेलं ऐका.

वेढे उलटे मोजत काउंटर चार हजारांवर आला होता. “तो गेलाय हे तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“होतं. मग? मेलेला माणूस काय मागायला येतोय?”

बोलला, आणि स्वतःच ॲम्प्लिफायरकडे बघितलं त्याने.

“घरच्यांना विचारायचं होतंस.”

“त्यांनी नाही म्हटलं असतं!”

“म्हणूनच विचारायचं असतं, गाढवा.”

“तुम्हाला बघवत नाही माझं नाव झालेलं. जन्मभर मागच्या खोलीत बसलात ना!”

“बसले. पण दुसऱ्याच्या हाडांवर स्वतःचं नाव नाही कोरलं.”

काउंटर हजारावर आला. कान प्लग उपटायला वाकला. पाचशे. तो थांबला, कारण माझा हात थांबला होता आणि मशीन आपल्या वेगात फिरतच होतं. तारेच्या तळाशी काहीतरी दिसत होतं.

पांढरं.

शंभर. चाळीस. हिरवं.

शून्य. तारेचं टोक सुटून भुईवर पडलं. चुंबकाला घट्ट गुंडाळलेली कापडाची बोटभर पट्टी. मी ती सोडवली. काठ माझ्या टाक्यांचा. मध्ये तपकिरी डाग, अजून ओलसर.

“हे... हे तुम्ही आत्ता ठेवलंत,” कान म्हणाला. 

मी पट्टी त्याच्या जखमेवर धरली. डाग जखमेवर बरोबर बसला.

“मंगळवारी मी गुंडाळलेल्या तारेखाली तुझं गुरुवारचं रक्त निघालंय,” मी म्हणाले, “आता ने उद्या तुझ्या नावाची गिटार.”