हीच विद्यार्थिनी

भार्गवी जिना चढली ती भांडायच्या तयारीनंच. विमा कंपनीनं जयपूरला बदली केली, तिलक नगरात खोली मिळाली, आणि वरच्या मजल्यावरचं गिटार रविवारीही गप्प बसेना!

"काय कटकट आहे—" दार उघडताच ती पुटपुटली.

"मराठी?" समोरचा घामाघूम तरुण म्हणाला. "देव पावला! दहा मिनिटं माझी विद्यार्थिनी व्हा ना... प्लीज."

हा निलय दहा वर्षं हॉटेलांच्या लॉबीत जॅझ वाजवत होता. पाहुणे जेवत, ऐकत कुणी नसे. आता चेन्नईच्या एका संगीत महाविद्यालयानं शिक्षक म्हणून विचारलं होतं. परीक्षक लॅपटॉपवर ताटकळले होते. अगदी नवख्याला शिकवून दाखवायचं होतं, आणि त्यानं ठरवलेला नवखा जयपूरजवळच्या चाकसूला शीतलामातेच्या मेळ्यात अडकला होता.

भार्गवी बसली. परीक्षक खूश झाले. म्हणाले, महिन्यानं हीच विद्यार्थिनी पुन्हा दाखवा.

मग रोज संध्याकाळी शिकवणी. तिची बोटं सोलली. तो फुंकर घालायला वाकायचा आणि मध्येच... थांबायचा.

"दुखतंय?"

"बोटं नाही दुखत."

"मग?"

"काही नाही... पुढचं सांगा."

पोरगी पुरती अडकली होती. आपण शिकायचं, आणि आपणच त्याला चेन्नईला धाडायचं! हा तर आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा.

परीक्षेच्या दिवशी त्यानं एक ओळ वाजवली. तिनं स्वतःच्या मनानं उत्तर द्यायचं होतं. तिनं ठेका सोडला. पुन्हा सोडला. पडद्यावरचे तिघे एकमेकांकडे बघू लागले.

निलय चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून, परीक्षकांना कळू नये म्हणून मराठीत म्हणाला, "मुद्दाम चुकतेयस."

"हो."

"का गं?"

"तुम्ही जाल म्हणून!" तिचे डोळे भरले. "मला नाही करमणार तुमच्याशिवाय."

त्यानं तारांवरचा हात उचलला.

"म्हणशील तर आत्ता लॅपटॉप मिटतो," तो हळूच म्हणाला. "पण मग जन्मभर तुझ्यावर राग धरीन, आणि ते मला नकोय. नीट वाजव, भार्गवी. आणि... चेन्नईला बदली मागशील? माझी बायको म्हणून?"

तिनं नाक पुसलं आणि वाजवलं. धीट, सरळ, एकही ठेका न चुकता.

मग पडद्यावरच्या तिघांतल्या मधल्या परीक्षक रत्नप्रभाबाई चष्मा सावरत स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "सर, तुमचं शिकवणं आम्हाला पसंत आहे. पण पोरीनं अजून उत्तर दिलेलं नाही."

निलयच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याच्याकडे बघायची भार्गवीची छाती होईना. ती लॅपटॉपकडेच बघत राहिली.

"हो म्हणतेय, बाई," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा त्यांना."